बायकोची बाजू

सिग्नल लाल झाला, मी ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे ओढली गेली. फार नाही, हातभर. समोरून येणाऱ्या दुधाच्या टँकरवाल्याने काचेतून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून माफी मागितली. दिवा हिरवा होईपर्यंत माझ्या मानेवर घाम आला होता. चाळीस वर्षं मी टूवूंबात गाड्यांच्या ब्रेकची कामं करतोय. ब्रेक दाबल्यावर गाडी एका अंगाला का जाते हे या गावात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. फुशारकी म्हणून नाही सांगत, दुसरे गॅरेजवालेसुद्धा अडलं की गाडी माझ्याकडे पाठवतात, वर म्हणतात, जा, क्लेम हार्टविगकडे जा, तो तुझ्याशी नीट बोलणार नाही पण गाडी नीट करेल. दुसरा कुणी असता तर तो त्या वेळी गाडीला घाबरला असता. मी माझ्या उजव्या हाताला घाबरलो.

गाडीला घाबरायचं कारणच नव्हतं. तीन आठवड्यांपूर्वी पुढच्या दोन्ही चाकांना नवे ब्रेक पॅड मीच घातले होते. मला ते काम स्वच्छ आठवत होतं. दुपारचं ऊन गॅरेजच्या दारातून आत आलेलं, चाक काढून बाजूला टेकवलेलं, जुने पॅड बाहेर, नवे आत, पिनांना ग्रीस, मग पान्याने नट आवळताना येणारा तो कट् असा आवाज. आणि हात मात्र घाबरण्यासारखा होता, कारण तो माझ्या वडिलांचा हात होता. तशीच जाड बोटं, तसंच मनगटावरचं हाड. वडील पिट्सवर्थच्या बाजूला मळ्यामळ्यांतून सायीचे कॅन गोळा करायचा ट्रक चालवायचे. बासष्टाव्या वर्षी त्यांच्या उजव्या हातातला कप बशीवर वाजायला लागला. मग ते चर्चमध्ये उजवा हात कोटाच्या खिशात ठेवू लागले, आणि आई त्यांच्या प्रार्थनेच्या पुस्तकाची पानं उलटू लागली, दोघंही काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. एका रविवारी घरी येताना त्यांनी गाडी उजवीकडच्या कुंपणात घातली. उतरले, टायरला लाथ मारली आणि म्हणाले, "गाडी ओढतेय." मी तेव्हा ओटोच्या गॅरेजमध्ये, म्हणजे आज आमचं आहे त्याच गॅरेजमध्ये, कामाला होतो. ओटोने गाडी नेऊन आणली, हात पुसले आणि मला एकट्याला बाजूला घेऊन म्हणाला, "गाडीला काही झालेलं नाही, क्लेम. घरी काय सांगायचं ते तू बघ." मी घरी सांगितलं, की एक पाइप तुंबला होता, दुरुस्त केला. वडील त्यानंतर वर्षभर गाडी चालवत होते, आणि आई वर्षभर त्यांच्या शेजारी बसत होती. आता मी बासष्टचा झालो आहे.

त्या दिवसापासून मी हातावर पहारा ठेवला. कप उचलून धरायचा आणि चहाच्या पृष्ठभागाकडे बघत बसायचं. चहा हलत नसे. सुईत दोरा ओवून पाहिला, पहिल्याच खेपेला गेला. रात्री जाग आली की पांघरुणाबाहेर हात काढून बोटं एकेक मोजायची, वाकवायची. हात चोख होता, आणि तो जितका चोख निघे तितकी माझी भीती वाढे, कारण वडीलही सुरुवातीला म्हणायचे, बघ, कुठे हलतोय. आणि गाडी रोज उजवीकडे जातच होती. आमच्या गावात घाट टाळता येत नाही. गाव वर डोंगराच्या काठावर, आणि बाकीचं सगळं जग खाली. आमची मुलगी खाली ब्रिस्बेनच्या वाटेवर राहते, तिला पुढच्या रविवारी दोन्ही पोरांसकट वर आणायचं मी कबूल केलं होतं. त्या उतारावर ट्रक उजवीकडून इतके जवळून जातात, की आतल्या माणसाच्या हातातलं सँडविच दिसतं. डोळे मिटले की मला एवढंच दिसे, मी ब्रेक दाबतोय आणि माझा हात आम्हा सगळ्यांना अलगद त्या ट्रकखाली नेतोय.

याची परीक्षा फार सोपी आहे. गिऱ्हाइकांना मी ती शेकडो वेळा सांगितली असेल. सपाट, रिकामा रस्ता बघा, स्टीअरिंगवरचे हात क्षणभर सैल सोडा, आणि ब्रेक दाबा. गाडी वळली तर दोष गाडीत. सरळ गेली तर दोष तुमच्यात. सांगताना मी हसायचो, गिऱ्हाईकही हसायचं. मी विमानतळाकडच्या सरळ रस्त्यावर तीनदा गेलो. तिन्ही वेळा हात सोडायची वेळ आली तेव्हा मी ते आणखी घट्ट धरले, वळलो आणि पाव घेऊन घरी आलो. नोएलिन म्हणाली, "एवढा पाव कोण खाणार आहे, क्लेम?" मी म्हटलं, माकडं पाळणार आहे. मला खरं म्हणजे तिच्यापुढे बसून रडायचं होतं, पण आमच्या घराण्यात पुरुष टायरला लाथ मारतात.

नोएलिनचंही काहीतरी बिनसलं होतं. आमच्या लग्नाला सदतीस वर्षं झाली, तेवढी वर्षं ती जेवायला माझ्या डाव्या हाताला बसत आली, स्वयंपाकघराला जवळ पडतं म्हणून. महिन्याभरापूर्वी ती न सांगता उजवीकडे येऊन बसायला लागली. पलंगावरसुद्धा बाजू बदलली. मी विचारलं नाही. विचारलं की बायका खरं सांगतात, आणि मला त्या दिवसांत आणखी काही खरं नको होतं. त्यात तिला एक नवीन खोड लागली. मी खारवलेलं गोमांस, कुस्करलेला बटाटा असं सगळं संपवून काटा खाली ठेवला, की ती माझं ताट धरून अर्धं फिरवायची, आणि समोर भोपळा आणि घेवडा यायचा. "हा कुठून आला?" मी म्हणायचो. "होताच," ती म्हणायची. मला वाटायचं, ती गपचूप वाढतेय, भाजी खात नाही म्हणून. लॉन कापल्यावर कुंपणाकडची पट्टी तशीच राहिली यावरून ती बोलली. गाडीचा बायकोच्या बाजूचा आरसा आमच्याच फाटकाच्या खांबाला लागून तुटला. खांब तिथे तीस वर्षं आहे, त्याला कुणी हलवलं नव्हतं, मग मी खांबावर चिडलो.

बायकोची बाजू हा आमच्या गॅरेजमधला शब्द आहे. ओटोच्या गॅरेजमध्ये डावं-उजवं म्हणायला बंदी होती. गाडीत बसलेल्याचं डावं आणि गाडीसमोर उभ्या असलेल्याचं डावं वेगळं, आणि त्या गोंधळात एकदा कुणीतरी भलत्याच चाकाचे नट सैल ठेवले होते म्हणे. तेव्हापासून स्टीअरिंगकडची ती ड्रायव्हरची बाजू आणि पलीकडची ती बायकोची बाजू. दोन बायकांनी ओटोला सोडलं होतं, तरी त्याने शब्द बदलला नाही. ब्रेक शिकवताना तो सगळ्यात आधी एकच गोष्ट डोक्यात भरायचा. गाडी ज्या बाजूला ओढते तिथे लोक दोष शोधतात, आणि ते चुकतं. ओढते ती बाजू धडधाकट असते, तिचा ब्रेक पकडतो म्हणून गाडी तिकडे फिरते. दोष पलीकडच्या चाकात असतो, जे काहीच करत नाही आणि काहीच बोलत नाही. हे मी स्वतः पुढे किती जणांना शिकवलं. आणि तरी मी पंधरा दिवस उजव्या हाताकडे बघत बसलो होतो, कारण भीती वाटली की माणूस आपली विद्या विसरतो. माझ्यापुरता तरी मी विसरलो होतो.

"माझ्या बाजूला काहीतरी कुरकुरतंय," नोएलिन एकदा गाडीत म्हणाली.

"तूच कुरकुरतेस."

"ब्रेक दाबलास की. लोखंडावर लोखंड घासल्यासारखं."

मी ब्रेक दाबला. मला काही ऐकू आलं नाही. मी तिला तसं सांगितलं. ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली असावी, कारण नंतर तिचा आवाज आला तो खाली उतरलेला होता. "बरं," ती म्हणाली.

गुरुवारी सकाळी गॅरेजमध्ये पोचलो तर बेव्हन दारातच उभा. बेव्हन माझा भागीदार, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, माझ्याकडेच शिकलेला, जिभेला हाड नसलेला. त्या दिवशी तो थट्टा न करता नुसता हात पुढे करून उभा होता.

"चावी दे, म्हाताऱ्या."

"कशाला?"

"नोएलिनचा फोन आला होता. तुझी गाडी ओढतेय म्हणे."

"तिला कसं कळलं?"

"ती शेजारी बसते, क्लेम. बटाट्याचं पोतं नाहीये ती."

मी चावी दिली. नकार द्यायचा तर कारण सांगावं लागलं असतं. तो चालवायला बसला, मी शेजारी बसणार तर म्हणाला, तू थांब, चहा टाक. मी चहा टाकला नाही. दारात उभा राहिलो आणि ओटोची आठवण झाली, तो असाच गाडी घेऊन गेला होता आणि वडील याच दारात खिशात हात घालून उभे होते. तेव्हा ते काय बघत होते हे मला पस्तीस वर्षांनी कळलं. रस्त्याच्या टोकाला गाडी येताना ते ड्रायव्हरचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत होते. मी मनात वाक्यं तयार केली. रविवारी मुलीला आणायला जमणार नाही. गाडी विकायची. कोटाचे खिसे मोठे करून घ्यायचे.

बेव्हन आला, उतरला आणि म्हणाला, "जाम ओढते. हात सोडले तर थेट समोरून येणाऱ्या गाड्यांवर."

"हात सोडलेस?"

"सोडले ना. ड्रायव्हरच्या बाजूला जाते. म्हणजे बोंब बायकोच्या बाजूला. तूच शिकवलंयस."

मला हसू आलं, आणि हसत हसत मी टायरांच्या चळतीवर बसलो. गाडीच होती. हात नव्हता. मी त्या हाताने चेहरा पुसला, आणि तो मला इतका आपला वाटला की त्याचं चुंबन घ्यावं. माझ्या आयुष्यातली ती चारेक मिनिटं फार सुखाची गेली. बेव्हनने गाडी लिफ्टवर चढवली, ड्रायव्हरच्या बाजूचं चाक काढलं, आत नवेकोरे पॅड. "छान काम," तो म्हणाला. मग तो पलीकडे गेला. चाक काढल्याचा आवाज आला.

"क्लेम, इकडे ये."

मी गेलो. त्याने माझा दंड धरून मला वळवलं, नीट समोर आणलं, तेव्हा दिसलं. पॅड जुने होते. जुने म्हणजे संपलेले, मागची पत्र्याची पाठ चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर घासून डिस्कला खोबण्या पडलेल्या. पिनांवर कित्येक वर्षांची वाळलेली माती. या चाकाला पाच आठवड्यांत कुणी हात लावला नव्हता.

"मी दोन्ही केले होते," मी म्हणालो.

बेव्हन डिकीकडे गेला. काढलेले जुने पॅड वर्तमानपत्रात बांधून गिऱ्हाइकाच्या डिकीत ठेवायचे, ही ओटोची रीत आम्ही अजून पाळतो, म्हणजे काम केलं की नाही ते त्याला बघता येतं. माझ्या स्वतःच्या गाडीतही मी सवयीने पुडकं ठेवलं होतं. बेव्हनने ते उघडलं. दर चाकाचे दोन, म्हणजे चार असायला हवे होते. दोन होते. मी डोळे मिटून ती दुपार पुन्हा आठवली. दारातून आलेलं ऊन, टेकवलेलं चाक, कट् असा आवाज. चाक ड्रायव्हरच्या बाजूचं. मी पुढे ढकलून पाहिलं, दुसरं चाक आठवायला गेलो, तर पुन्हा तेच ऊन, तेच चाक. दुसऱ्या चाकाची आठवण माझ्यापाशी नव्हतीच, आणि ती नाही हेही मला इतके दिवस जाणवलं नव्हतं. हात हलला असता तर मी तो बघितला असता. हे बघता येण्यासारखं नव्हतं.

"दर पेटीत चार पॅड येतात," बेव्हन हळू आवाजात म्हणाला. "उरलेले दोन कुठे गेले?"

तो माझ्या टेबलाकडे गेला आणि डाव्या हाताच्या फळीवरून त्याने पेट्या खाली काढल्या. चार पेट्या, प्रत्येकीत दोन नवे पॅड. ती फळी तिथे आहे हे मला ठाऊक होतं, मीच ठोकली होती. एक पेटी आमच्या गाडीची. म्हणजे आणखी तीन गाड्या गावात फिरत होत्या, एका बाजूने धरणाऱ्या. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माझ्या अक्षरात गेल्या पाच आठवड्यांची नावं होती, ब्रेकची सहा. बेव्हनने फोन उचलला. तो प्रत्येकाला एकच सांगत होता, गाडी जागेवरच राहू द्या, डिकी उघडा, वर्तमानपत्रातलं पुडकं बघा, किती आहेत? मी त्याच्या ओठांकडे बघत होतो. चार. चार. मग फुलवाली मिसेस टॅलबट, दोन. पाद्रीबाबा, त्यांनी दोनदा मोजले म्हणे, दोन. पाचवा, चार. सहावं नाव डॉट विनेकी. फोन वाजत राहिला.

"आज गुरुवार," मी म्हणालो. "गुरुवारी ती बहिणीकडे जाते. घाट उतरून."

बेव्हनने पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिला. बाहेर धुकं होतं, घाटावर सकाळी असतंच. डॉट विनेकी शहात्तर वर्षांची, मला क्लेमी म्हणते, ब्रेक झाल्यावर तिने मला आल्याचा केक आणून दिला होता. तो मी खाल्ला होता. मी वडिलांच्या गाडीत पाइप तुंबला होता असं सांगितलं तेव्हा आईने माझ्याकडे जसं पाहिलं होतं ते मला आठवलं, आईला माहीत होतं, आणि तरी ती वर्षभर शेजारी बसली. मी देवाला काही मागितलं नाही, तोंड नव्हतं. पंचवीस मिनिटं गेली. मग गॅरेजचा फोन वाजला, आणि बेव्हन ऐकत राहिला, आणि त्याने भिंतीला पाठ टेकली.

"पोचली," तो म्हणाला. "म्हणते, उतारावर सारखी ट्रकांकडे जात होती, मला वाटलं वारा आहे. डिकीत दोन आहेत. मी तिकडे जातो." निघताना तो माझ्यापाशी थांबला. इतक्या वर्षांत त्याने माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. "गाडीत दोष होता, क्लेम," तो म्हणाला, "पण..." मी म्हटलं, मला कळलं, तू जा.

नोएलिन तिच्या बहिणीची गाडी घेऊन आली होती. ती कधी आली ते मला दिसलं नाही, आवाज आला आणि मग ती वळसा घालून माझ्या उजव्या हाताला येऊन उभी राहिली. तिने कोट घातला होता, हॉस्पिटलमध्ये जाताना घालते तो.

"किती दिवसांपासून तुला माहितीये?" मी विचारलं.

"ताट फिरवलं त्या दिवसापासून संशय आला, डावीकडचं तुला दिसतच नाहीये. त्याआधी मला वेगळंच वाटत होतं. मी बोलायचे आणि तू बघायचाही नाहीस. मला वाटलं, तुझं मन उडालं माझ्यावरून. मग एक दिवस उजवीकडे येऊन बसले, तर तू म्हणालास, अरे, कधी आलीस? आणि इतका खूश झालास, क्लेम. तेव्हा मला जास्त भीती वाटली."

"मला सांगितलं नाहीस?"

"तू सांगितलंस?"

पंधरा दिवस आम्ही एकाच घरात एकमेकांना चोरून तपासत होतो, आणि तिने दोष बरोबर शोधला होता. मी सवयीने ड्रायव्हरच्या दाराकडे गेलो. तिने चावी दाखवली. मग मी गाडीला वळसा घातला आणि सदतीस वर्षांत पहिल्यांदा बायकोच्या बाजूला बसलो. ती शेजारी बसली, माझ्या उजवीकडे, तिथे ती मला पूर्ण दिसत होती, कानामागचे पांढरे केससुद्धा. मला फार भीती वाटत होती, आणि मी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, मलाही.

"पट्टा लाव," ती म्हणाली.

मी उजव्या हाताने शोधला. सीटच्या कडेला, खाली, छातीवर. बहिणीची गाडी जुनी होती. "हिला पट्टाच नाहीये," मी म्हणालो.

नोएलिन माझ्या अंगावरून वाकली, तिचा चेहरा माझ्या चेहऱ्यासमोरून पलीकडे, डावीकडे गेला आणि क्षणभर मला दिसेनासा झाला, आणि मग तो परत आला तेव्हा तिच्या हातात पट्टा होता.